मधला तुकडा

'हात लावू नये' ही पाटी सिल्वेरियोने स्वतःच लिहिली होती. तीच त्याने उचलली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"तुम्ही लावा, एलादियामावशी. तुम्हाला मोकळीक."

शाळेच्या जुन्या खोलीत गाव दाटलं होतं. सान रोके या संताचा उत्सव. पोट भरायला शहरांत गेलेले सगळे ऑगस्टच्या उन्हात परतलेले. मधोमध लांब फळीवर तेच गाव, कान्यादा सेका, पसरलं होतं, सिल्वेरियोने बनवलेलं, हातभर उंचीचं. रूळ उखडून नेलेल्या गावात आगगाडी पुन्हा उभी होती. उघडे डोंगर. भेगाळलेली पांढुरकी जमीन. एस्पार्तो गवताचे झुबके ब्रशच्या केसांचे, पण माती खरी, इथलीच, बायकोच्या जुन्या मोज्यातून चाळलेली. गवत सुकं, नदी सुकी, नदीवरचा पूलही तहानलेला.

सरपंचबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, "मावशी बरोबर म्हणाल्या तरच हे कायमचं इथं राहील. ते दिवस पाहिलेलं आता दुसरं आहे कोण?"

सिल्वेरियो उभं आयुष्य बार्सिलोनात लोकांच्या भिंतींतून वायरी ओढत राहिला होता. त्याला गावात परत यायचं होतं. निदान फळीवर तरी.

पाववाली एलादिया पुढे झाली. नवऱ्याची भट्टी कधीच विझली होती, नाव तेवढं उरलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू दाटलेला. पण बोटं अजून पीठ ओळखणारी. ती बोटं फलाटावर चढली.

"ही पाण्याची वाघीण, गाडीला जोडून यायची ती. बाई गं, किती वाट बघायचो हिची." बोट पुढे सरकलं. "ह्या एस्पार्तोच्या गाठी. आणि हे काय बोचलं? कुत्रा?"

"स्टेशनातला. आमचा."

"चावरा मेला. इथंही दात काढूनच बसलाय."

लोक हसले. सिल्वेरियो सगळ्यांत मोठ्याने हसला. बोटं रुळाच्या कडेकडेने सिग्नलपाशी आली. तिथे दोघं उभे होते, टोपीतला एक मोठा आणि पांढऱ्या बुटातला एक लहान.

"हे स्टेशनमास्तर डॉन रामिरो, तुझे बाबा. आणि हा तू. एवढा स्वच्छ कधी होतास रे?"

"फोटोपुरता, मावशी. बाबांच्या कॅमेऱ्यातला फोटो आहे. मी, बाबा, मागे स्टेशन, त्यामागे डोंगर. त्यावरूनच सगळं केलं. पूल तर अजून उभाच आहे."

बोटं पुढे निघाली आणि लगेच पुलाला अडली. ती थबकली. मागे सिग्नलपर्यंत आली. पुन्हा पुढे गेली. पुन्हा पूल.

"पूल इतक्यात कसा आला?" ती स्वतःशीच म्हणाली.

टेबलापलीकडे आन्सेल्मो सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा होता. बार्सिलोनाचा सोबती, फळ्या त्यानेच कापल्या होत्या. त्याचे दात थांबले. सिल्वेरियोच्या घराच्या लिफ्टमध्ये फळी मावत नव्हती, तेव्हा करवत हातात धरून त्याने विचारलं होतं, "सिग्नल आणि पुलाच्या मधलं काप म्हणतोस. काय होतं तिथं?"

"काही नाही. माती."

छोटं गाव करायचं तर मधलं वगळावंच लागतं. हा धंदाच तसा. कुठलं वगळायचं, ते मात्र करणाऱ्याने ठरवायचं.

मावशीचं बोट त्या सांध्यावर मागेपुढे फिरत होतं. आंधळं माणूस कडी चाचपतं तसं. आणि सिल्वेरियोला दार दिसलं. कापून टाकलेल्या त्या तुकड्यातलं हिरवं दार. चुन्याची एकच खोली, खुंटीवर लाल निशाण, खाली कंदील. रेल्वेचं फाटक सांभाळणारी तोमासा फाटकवाली, एलादियाची आई. स्टेशनमास्तरांच्या घरचं कुणी फाटकवालीच्या घरी जात नसे. पण दुपारी आई निजली की पांढरे बूट हातात घेऊन तो धावत सुटायचा. तेल लावलेला पाव, वर चिमूटभर साखर. "घरी सांगू नकोस हं, राजा," तोमासा म्हणायची. त्याने घरी सांगितलं नाही. पुढे स्वतःलाही सांगितलं नाही.

मावशीचं बोट अजून सांध्यावरच होतं.

"काही चुकलंय का, मावशी?" सरपंचबाईंनी विचारलं.

सिल्वेरियोचे कान तापले. "मावशी, ते मी..."

तिने हवेत हात फिरवून त्याचा हात शोधला आणि दाबून धरला. तिची बोटं त्याच मातीने पांढुरकी झाली होती.

"तो फोटो कुणी काढला, ठाऊक आहे तुला?"

"बाबांनी."

"लेका, बाबा तर तुझ्या शेजारी उभे आहेत." ती हसली. "त्यांनी कॅमेरा माझ्या आईच्या हातात दिला. तिचे हात पिठाचे, ती नको नको म्हणाली. शेवटी आमच्या उंबऱ्यात उभी राहिली, श्वास रोखून. मी तिच्या झग्याआड होते. म्हणून तर फोटोत आमचं घर नाही."

आन्सेल्मोने मान खाली घातली. सिल्वेरियो हात सोडवू पाहत होता. ती सोडत नव्हती. तिने तोंड गावाकडे वळवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"ठेवा हे इथं. काही चुकलेलं नाही. आमच्या दारातून गाव अस्संच दिसायचं."