वाणगावची रंदा मशीन

"आगाऊ एक रुपया पाठवायचा नाय, बाबा. मशीन स्वतः चालवून बघायची, समाधान झालं तरच पैसे," सासरे रिक्षात बसत असताना सुनेने, दिशाने, तिसऱ्यांदा बजावलं.

एकनाथने मान डोलावली. सुनेच्या मोबाइलवर ती जाहिरात त्याने दोन दिवसांत इतक्या वेळा पाहिली होती की ती पाठच झाली होती. 'विजेवरची रंदा मशीन, जुनी, चालू. तळ एका बाजूने झिजलेला. वाणगाव.' फोटो बोटांनी मोठा करून तो त्या तळाकडेच बघत राहायचा.

"झिजकी कशाला? नवी घेऊ की," मुलगा विपुल म्हणाला होता.

"मला तीच पायजे," एवढंच एकनाथचं पालुपद. त्याचंही खरंच होतं. होडीच्या फळीला पोट असतं, सपाट तळाचा रंदा तिथे नीट बसत नाही.

एके काळी तारापूरजवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर एकनाथच्या हातची होडी लांबून ओळखू यायची. गावात पहिली रंदा मशीन त्यानेच आणली. अर्धं गाव बघायला लोटलं होतं. मंगळीकाकूने हळदकुंकू वाहिलं आणि मशीन घरघरताच ताट टाकून जी पळाली, ती थेट घरी! सागाच्या भुशाचा तो वास, किनाऱ्यावरचा तो कल्ला. काय दिवस होते! मग मशीन गेली. हातरंद्यावर त्याने दोन वर्षं कशीबशी रेटली, तोवर फायबरच्या होड्या आल्या आणि एवढा मोठा कारागीर तारापूरच्या एका कंपनीत पिंपं ढकलायला लागला.

आता निवृत्त झाल्यावर जुना दोस्त देवू मागे लागला होता, "एक लहानशी लाकडाची होडी करून दे. तुझ्याच हातची." एकनाथचे गुडघे यंदा साथ देत होते, पुढच्या वर्षाचा भरवसा नव्हता. शेवटची होडी करायची तर याच मशीनवर, असं त्याने मनाशी धरलं होतं.

वाणगाव स्टेशनपासून मशीन विकणाऱ्या हंसाचं घर जवळच निघालं. हंसाने ओटीवरच मशीन काढून ठेवली होती, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. नवरा नामदेव, सुतार, वर्षापूर्वी वारला होता. जाहिरात धाकट्या मुलीने, दीपिकाने टाकली होती.

"सकाळपासून भंगारवाल्याचे दोन फोन आले," हंसा म्हणाली. "'लास्ट कितना?' एवढंच इचारतो. त्याला द्यायला मन होत नाय. काम करणाऱ्याच्या हातात जावी, बस."

एकनाथने वायर तपासली, पातं बघितलं, मग प्लग लावून बटण दाबलं. मशीन घरघरली. त्याने लगेच बंद केली आणि झिजक्या तळावरून बोट फिरवलं.

"चोवीस वर्सं झाली असतील," तो म्हणाला.

"बरोब्बर!" हंसा चकित झाली. "दीपिका पोटात होती तवा आणली त्यांनी. तुमी कसं वळखलं?"

"मॉडेल त्या सालचं हाय."

हंसाने पदराने तळ पुसला. "हा असा झिजलाय म्हणून कोणी घेत नाय. पर भाऊ, कंपन्यांच्या कॉलन्यांची किती दारं घासली असतील यांनी! दोघी मोठ्या पोरींची लग्नं केली, दीपिकाचं नर्सिंग केलं. सगळं या मशीनवर."

"हात चांगला होता त्यांचा," एकनाथ म्हणाला.

चहा आला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बिल हाय का?"

हंसाचा चेहरा पडला.

"बिल कसलं, भाऊ? एका शेटचं काम उरकून दिलं, त्याने खूश होऊन दिली. नायतर आमची ऐपत होती होय? पर शंका असेल तर नका घेऊ. माझ्या माणसाने कुणाच्या झाडाखाली पडलेला चिकूबी उचलला नाय."

कपबशा उचलायला आलेली दीपिका दारातच थांबली. बापाचं नाव निघालं की ऐकत राहावं, तशी ती ऐकत होती. एकनाथने तिच्याकडे पाहिलं, मग हंसाकडे. चहा संपला होता तरी त्याने कप पुन्हा तोंडाला लावला.

"शंका कसली, वयनी? सवयीने इचारलं," तो म्हणाला.

सांगितली तेवढी किंमत त्याने काढून दिली. हंसाने मशीनला हळदकुंकू लावलं आणि डोळे पुसत म्हणाली, "दसऱ्याला हिची पूजा चुकवू नका हां. त्यांनी कधी चुकवली नाय."

"नाय चुकवणार," एकनाथ म्हणाला.

घरी दिशा वाटच बघत होती.

"चालवून बघितली?"

"बघितली. गाते नुसती!"

"भाव कमी केला?"

"नाय."

"आणि बिल?"

"नाय."

दिशाने कपाळावर हात मारला. "काय हे, बाबा! एवढं सांगून पाठवलं तुमाला. बिनबिलाची मशीन, उद्या चोरीची निघाली म्हणजे?"

एकनाथने मशीन मांडीवर घेतली होती. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा असा फुलला होता.

"चोरीचीच हाय," तो म्हणाला. "तवा पोलिसात तक्रार मीच दिली होती."