बर्फाखालचा डाग

"मॅडम, तो डाग मीच काढला," नसरुद्दीन छाती फुगवून म्हणाला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

शाबासकी आली नाही. टाकीतल्या जिवांची काळजी घेणारी डॉक्टर निधी वाकून काचेच्या टाकीच्या तळाशी बघू लागली.

बाहेर जेद्दा असं तापलं होतं की उंटसुद्धा सावली भाड्याने घेत होते. आत, मॉलच्या तळमजल्यावर, कडाक्याच्या थंडीत ध्रुवघर उभं होतं. पेंग्विन, बर्फ आणि मधोमध खाऱ्या पाण्याची टाकी. टाकीवर बर्फाची जाड लादी आणि लादीखाली क्रिल, म्हणजे नसरुद्दीनच्या हर्णैच्या भाषेत जवळा. फक्त हा जवळा थंड हवेचा, खानदानी. थंडीची यंत्रं सांभाळणं हे नसरुद्दीनचं काम.

उद्या संध्याकाळी उद्घाटन होतं. मालक येणार हे कळल्यापासून त्याच्या अंगात ईद शिरली होती. ईदच्या आधी हर्णैला घर घासतात, भांडी घासतात, उंबरा घासतात. त्याच्या एका चुलत्याने तर त्या भरात शेजाऱ्याचा बकराही घासला होता. त्याच तडफेने नसरुद्दीनने गेल्या आठवड्यात ती लादी साखळीने वर उचलली आणि तिच्या पोटावरचा तपकिरी डाग टाकीच्याच पाण्याने घासघासून काढला. लादी आरशासारखी झाली. एका पेंग्विनने तिच्यात बघून भांग पाडला म्हणतात.

"तो डाग नव्हता, चाचा. शेवाळ होतं, जिवंत," निधी म्हणाली. "नुसत्या डोळ्यांना सुटे दिसायचे नाहीत इतके बारीक जीव. जवळा लादीखाली उलटा होऊन तेच चरतो. मोठा जवळा महिनोन्महिने उपास काढेल. हा कोवळा आहे. बघा काय झालंय."

नसरुद्दीनने बघितलं. जवळा तळाशी बसला होता. काहींचे पाय हलत होते. काहींचे नव्हते.

"एवढ्याशा डागापायी?"

"एवढ्याशा डागावर जवळा जगतो. जवळ्यावर मासे, पेंग्विन, सील, देवमासा. तिकडचा सगळा दक्षिण ध्रुव त्या डागावर उभा आहे. आणि नवीन शेवाळ मागवलं तर यायला महिना."

नसरुद्दीनला घाम फुटला, तोही बर्फात. आपण एका ब्रशाने दक्षिण ध्रुव पुसला. आता देवमासे पोटावर हात ठेवून आपल्या दारात रांग लावणार.

इतक्यात व्यवस्थापक उसामा आला, टाकीत डोकावला आणि आपल्या मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, की उद्या हे जिवंत दिसले नाहीत तर टाकी खलास, नसरुद्दीनही खलास.

नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला. इकामा गेला की बलदमधली, जुन्या जेद्दातली खोली गेली, रईसा गेली, गच्चीवरची तिची कढीपत्त्याची कुंडीही गेली. त्याने बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं. रईसाने शांतपणे ऐकून घेतलं.

"ते राहू द्या. ब्रश धुतलात?"

"रईसा, इथे ध्रुव बुडतोय."

"बुडू दे. लग्न झाल्यापासून विचारतेय. ब्रश धुतलात, की नेहमीसारखा बादलीत टाकून आलात? आणि दिवा? तो तरी मालवलात का?"

कुठलाही नवरा तोंड उघडतो तसं खोटं बोलायला त्याने तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

मग तो पळाला. पेंग्विनही त्याच्या मागे पळाले, कारण विचारायच्या फंदात न पडता. यंत्रांच्या थंड खोलीत दिवा अखंड जळत होता. कोपऱ्यात बादली, बादलीत टाकीचंच पाणी आणि पाण्यात ब्रश. ब्रश कसला, कुणा बुजुर्गाची मेंदी लावलेली दाढी. तपकिरी, लुसलुशीत, हातभर वाढलेली.

निधीने त्यातला एक केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग इतकी हसली की चष्मा धुक्याने भरला.

"चाचा, सगळे आहेत. रात्रंदिवस दिव्याचा उजेड मिळाला, गावंच्या गावं वसलीत."

ब्रश लादीच्या पोटाला बांधला. आधी एक जवळा वर आला. त्याने चव घेतली. मग दुसरा आला. आणि मग हर्णै बंदरावर लिलावाला उडते तशी झुंबड. संध्याकाळपर्यंत ब्रश दिसेना, नुसती वळवळणारी गुलाबी पगडी दिसत होती.

उद्घाटनाला मालकाने विचारलं, हे काय?

"दक्षिण ध्रुव," निधी म्हणाली.

उसामाने तिथल्या तिथे हुकूम सोडला, की यापुढे नसरुद्दीनने ध्रुवघरात काहीही साफ करायचं नाही. पगार चालू.

रईसाही आली होती. सगळं जेद्दा पेंग्विनांपुढे लोटलं होतं, ती ब्रशापुढे उभी राहिली. घरी आल्यावर तडक न्हाणीत गेली. तिथे बादलीत नसरुद्दीनचा घरचा ब्रश पडला होता, अर्थात न धुतलेला. त्याने दारातच मान खाली घातली.

रईसाने ब्रश उचलला, दिव्यासमोर धरला, या अंगाने बघितला, त्या अंगाने बघितला.

"याच्यावर कोण कोण जगत असेल, अल्ला जाणे," ती म्हणाली. तो तिने अलगद बादलीत परत सोडला आणि दिवा तसाच ठेवून बाहेर आली.