चोर वगळून

फौजदार अनंतरावांनी वगाची वही उघडली आणि दुसऱ्याच पानावर त्यांना चोर सापडला.

"हा काढ," ते म्हणाले.

फडाचा मालक नाथाजी हात जोडून उभा होता. "आवं सायेब, समदा वग चोराचाच हाय. त्यो काढल्यावर ऱ्हातंय काय?"

"ते तू बघ."

जत्रा उद्यावर आली होती. शब्द न् शब्द तपासून प्रत्येक पानावर सही झाल्याशिवाय वग उभा करता येत नव्हता, आणि ही जत्रा बुडाली तर फड मोडून चौदाही माणसं फलटणकडे ऊस तोडायला जाणार होती. खरं तर वग कुणी लिहीत नाही. तो तोंडात असतो. पण कायद्याला कागद लागतो. म्हणून शाळामास्तरांनी सोंगाड्या बिराप्पाला समोर बसवून दोन दिवसांत तो उतरवून घेतला होता.

"चोरानं आसं काय केलंय, सायेब?" नाथाजीमागे उभ्या असलेल्या बिराप्पाने विचारलं.

अनंतरावांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "तुमचा चोर राजाला फसवून फरार होतो. उसात लपतो. बायका त्याला भाकरी पोचवतात. यातलं कुठलं वरच्या साहेबांना वाचून दाखवू?"

साल त्रेचाळीस. जिल्ह्यातले निम्मे पोलीस भूमिगतांच्या मागावर होते. रोज एक गाव पिंजून काढत होते आणि रिकाम्या हातांनी परतत होते. अनंतरावांच्या आधीच्या फौजदारांची बदली तर एका लावणीला मान डोलावली म्हणून झाली होती.

"आमचा वग आज्ज्याच्या वक्तापास्नं हाय, सायेब," नाथाजी म्हणाला.

"मग आज्ज्यालाच आत घालायला हवं होतं."

नाथाजीने सुस्कारा सोडला. "बरं, चोर काढतो. मग फौजदारबी काढू का? त्येच्या मागं पळायचं सोडून त्येला दुसरं कामच न्हाई."

अनंतराव सावरून बसले. त्यांनी फौजदाराची पानं दोनदा वाचली. वगातला फौजदार उंचापुरा होता, घोड्यावर बसत होता आणि त्याच्यावर सहा कडव्यांचा पोवाडा होता.

"फौजदार राहू दे. शूर दिसतोय."

"पन त्यो हुडकनार कुनाला?"

"हुडकू दे की! शोध घेणं हे कर्तव्य आहे. सापडलंच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

मग त्यांनी चोर आणि चोराची सगळी बोलणी स्वतः खोडली, उरलेल्यावर सह्या ठोकल्या आणि बजावलं, "यापेक्षा एक शब्द जास्त आला, तर सगळा फड आत."

"एकबी येनार न्हाई, सायेब," बिराप्पा म्हणाला. आणि तो शब्दाचा पक्का होता.

दुसऱ्या दिवशी वग भर उन्हात लागला. अंधारात माणसं जमवायला बंदी होती. चार हजारांची गर्दी. पुढे खुर्चीवर अनंतराव, मांडीवर वही. फौजदार झालेला बिराप्पा कानापर्यंत मिशा लावून आला. त्याने ढोलकीखाली पाहिलं. तुणतुण्यात डोकावला. झीलकऱ्याचा फेटा उचलून आत बघितलं. कुणी नाही. पुन्हा ढोलकीखाली पाहिलं. लोक हसायला लागले. अनंतराव ओळीवर बोट ठेवून तपासत होते. सगळं वहीप्रमाणे बरोबर चाललं होतं.

शेवटी बिराप्पा दमून पुढे आला, कमरेवर हात ठेवले आणि गर्दीकडे बघून मंजूर झालेलं वाक्य मोठ्यानं म्हणाला, "काय रं, हिकडं आला व्हता का?"

कोण, ते वहीत नव्हतं.

चार हजार माणसं एका सुरात म्हणाली, "न्हाई, सायेब!"