विधवेचं काम

पुढं गावोगाव गाजलेला सिनेमातला तो सीन त्या दिवशी कुणालाच नको होता. आळंदजवळच्या तुरीच्या रानात शूटिंग अडलं होतं. मेलेल्या नवऱ्यासाठी कुंकू पुसून रडायचं होतं. नुकतंच लग्न झालेली नटी ऐन वेळी नको म्हणाली, बघायला जमलेल्या गावच्या बायकाही मागं सरकल्या.

"मी करते," त्या बायकांतली तुळजा म्हणाली.

"कुंकू कामून पुसायलीस? माझा लेक जित्ता हाय!" तिची सासू नागूबाई कडाडली.

तो लेक भूकंपाच्या साली कामाला म्हणून पुण्याला गेला, तो गेलाच. वर्षं लोटली, ना पत्र, ना निरोप. तरी सुनेच्या कपाळावर कुंकू दिसल्याशिवाय नागूबाई सकाळचा चहा घेत नसे. घरात त्याच्या नावानं रडायची कुणाला सोय नव्हती.

"सिनेमातलंच हाय की, आत्या," म्हणत तुळजानं कुंकू पुसलं आणि हंबरडा फोडला. डायरेक्टरनं 'कट' म्हटलं तरी ती थांबेना.

शेवटी मेकअपवाल्यानं कुंकवाची डबी पुढं केली. तुळजानं बोट बुडवलं.

 

नागूबाईनं तिचा हात धरला. "राहू दे, पोरी. आता मलाबी रडू दे."