टिंकूच्या भिंतीपर्यंतची वाट

गवत पुन्हा झोपलं होतं.

दुर्गेश मागच्या दारात उकिडवा बसून पाहत राहिला. घरामागं मुर्री गावाची पडीत जागा, आणि पडीत संपली की टिंकूची भिंत. टिंकू म्हणजे एकटा राहणारा, मोबाइल दुरुस्त करणारा, केस रंगवणारा प्राणी. त्याच्या भिंतीपासून थेट दुर्गेशच्या दारापर्यंत गवतात रेघ पडली होती. आणि दाराच्या आत चंचल भात रांधत होती. बायकोचं नावच चंचल! नाव ठेवताना आईबापांनी काही विचार करावा की नाही?

गवताच्या बाबतीत दुर्गेशला कोणी शिकवायला जाऊ नये. बिरसीच्या विमानतळावर गवत कापायचा ट्रॅक्टर तो चालवतो. कुंपणाखालून डुक्कर शिरलं की त्याला ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या कळतं. गवत कापलं तर मरत नाही, कारण त्याचा जीव बुडाशी असतो. एखाद्या वेळी कोणी वरून गेलं, तरी ते उठून उभं राहतं. पण रोज तुडवलं की बूडच मरतं आणि वाट पडते. म्हणजे हा येणारा रोजचा होता!

पहिल्या दिवशी चंचल हसली होती. "गाय गेली असन कोणाची."

ते हसणंच त्याला खटकलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मग रोज उजाडताच तो मागच्या दारातून निघायचा, गवत न्याहाळत भिंतीपर्यंत जायचा आणि तसाच परत यायचा. पाती दोन्ही बाजूंना कललेली दिसायची. म्हणजे मेला येतो आणि जातोही! वाट रुंद होत गेली. तिच्यात माती दिसायला लागली. दुर्गेशनं टिंकूशी बोलणं सोडलं, मग चंचलशी. तिच्या हातचा डबा नेणंही सोडलं. ती आधी रडली, मग भांडली, मग गप्प झाली. गप्प झाली म्हणजे कबूलच केलं की!

पावसानं विमानतळावरचं गवत आवरेना, म्हणून ठेकेदारानं त्याला तिथंच मुक्काम करायला लावलं. जाताना दुर्गेशनं चंचलला दम दिला, "आलो की तुह्या भावाले बोलावतो. ते वाट दाखवतो त्याले, मंग घेऊन जाऊ दे तुले घरी."

अख्खा श्रावण बिरसीलाच गेला. पोळा सरला आणि दुर्गेश परतला. बोलावल्याप्रमाणे चंचलचा भाऊ दुधरामही अर्जुनी मोरगाववरून आला. दुर्गेशनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तडक मागच्या दारी नेलं आणि तिथं त्याचंच तोंड उघडं राहिलं.

गुडघाभर गवत उभं होतं. वाट कुठंच नव्हती.

"कुठं आहे जी रस्ता?" दुधरामनं विचारलं.

"अरे होता! आईची आन! मी रोज सकाळी भिंतीपर्यंत जाऊन पाहत होतो ना!"

"पायदळ?"

"नाही तं काय ट्रॅक्टरनं?" दुर्गेश खेकसला आणि एकदम थांबला. त्यानं खाली आपल्याच पायांकडे पाहिलं. कानशिलं तापली. लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. कोणी नव्हतंच! त्याचा संसार शाबूत होता. तो वेड्यासारखा हसायला लागला. "चंचल! अवो, बाहेर तं ये!"

चंचल आली. हातात कपड्यांची थैली, पायात चपला. "चाल दादा."

"आता कायले जाऊन राहिली? चुकलं माह्यं. कोणीच येत नव्हता, मीच म्हणतो ना!"

"येत होता," चंचल म्हणाली. "रोज सकाळी येत होता. तो बिरसीले गेला, तवा कुठं इथं गवत उगवलं."