जानकीच्या वाटणीचं

"सगळं संपव हां. पानात टाकायचं नाही," काकू म्हणाल्या आणि प्रबुद्धच्या ताटलीत तिसरं घावन पडलं.

कांजूरमार्गच्या पूर्वेला, जिथे रिक्षाही शिरत नाही अशा गल्लीतली ती टपरी. प्रबुद्ध मूळचा अकोल्याचा. मरोळच्या एका कंपनीत लागून सात महिने झाले होते. सुट्टीच्या दिवशी एकट्याने जेवायचा इतका वीट आला की त्याने मोबाइलवर ही 'गल्लीतली खाऊफेरी' बुक केली. दहा-बारा माणसं असतील, जरा ओळखी होतील, असं त्याला वाटलं होतं. कसलं काय! तो एकटाच, आणि फेरी घडवणाऱ्या या सत्तरीच्या काकू.

"आज मुद्दाम एकच घेतलाय," त्या म्हणाल्या. "एका वेळी एकाचंच पोट नीट भरता येतं."

"काकू, तुमचं नाव काय?"

"काकूच म्हण. सगळी तेच म्हणतात."

त्याने आपलं नाव सांगितलं आणि आडनावाच्या प्रश्नाची वाट बघितली. इतक्या वर्षांची सवय. काकूंनी नाहीच विचारलं.

"तुम्ही नाही घेत?"

"मी मागनं खातंय. तू जेव."

पुढे चंपाची भज्यांची गाडी. काकू म्हणाल्या, "चंपा, याला कडेची कुरकुरीत दे गं. जानकीला तशीच लागायची."

चंपाचा झारा हवेतच थांबला. "काकू, काय हे चालवलंय तुम्ही?"

"तू भजी तळ."

चंपाने मान खाली घालून भजी तळली. कागदात भरून प्रबुद्धला दिली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

"जानकी कोण?" चालता चालता त्याने विचारलं.

"आज सर्वपित्री ना. तिच्या नावाने कोणीतरी पोटभर जेवायला हवं. कावळ्यांचा काही भरवसा नाही बाबा. मेल्यांना डंपिंगच्या कचऱ्यावर रोजचीच पंगत, ते कशाला येतायत आपण मांडलेल्या वाडीला!"

प्रबुद्ध घुटमळला. "काकू, आमच्यात हे मानत नाहीत. आम्ही बौद्ध."

"मग? भूक लागते ना तुमच्यात?"

तो खो खो हसला. किती दिवसांनी हसलो, हे त्याचं त्यालाच आठवेना.

"जानकीच्या घरात मानायचे," काकू म्हणाल्या. "पोर नाही, बाळ नाही. नवरा गिरणीतला खोकला घेऊन गेला. गावचा पुतण्या फोन उचलत नाही. जन्मभर लोकांना रांधून घातलं तिने, आणि तिच्या नावाने एक पान वाढायला माणूस नाही. मरणाचं काही वाटायचं नाही तिला. याची मात्र फार भीती वाटायची रे."

"तुमच्या कोण त्या?"

"चाळीस वर्षं काढली एका खोलीत."

"कधी गेल्या?"

काकू चढावावर थांबल्या. छातीवर हात ठेवून त्यांनी दम घेतला. "चल चल. बाराच्या आत आटपायला हवं."

प्रबुद्धला आपली मरोळची खोली आठवली. पाच जण राहायचे, पाचांच्या पाच शिफ्टा. शुक्रवारी आपण मेलो तर यांना सोमवारी कळेल, असं त्याच्या मनात आलं. जानकी नावाच्या त्या अनोळखी बाईबद्दल त्याला एकदम माया वाटली.

शेवंतीच्या खानावळीत वडे होते आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. म्हाळाचं, पितरांच्या नावाचं जेवण. शेवंतीने वाढलं आणि पदर डोळ्यांना लावला. "काकू, आम्ही आहोत ना?"

"तू आहेस गं. पण तुझ्यामागे तुझी चार पोरं आहेत. त्यांचं बघ."

चौथ्या वड्याला प्रबुद्धने हात टेकले. "काकू, वाट लागली पोटाची. आता बास."

"खीर राहिलीय. माझ्या खोलीवर केलीय."

"नाही जाणार, खरंच."

काकूंचा चेहरा उतरला. भर रस्त्यात त्यांनी त्याचं मनगट धरलं. "एकच वाटी रे. गोडाशिवाय पान पुरं होत नाही. तिचं सगळं फुकट जाईल."

प्रबुद्ध त्यांच्यामागे चाळीचा जिना चढला.

खोलीत एक खाट, एक ताट, एक पेला. जानकीचा फोटो कुठे दिसतो का, ते त्याने बघितलं. हार घातलेला एकच फोटो होता, तोही एका पुरुषाचा. त्याच्या शेजारी नवा खिळा ठोकलेला, मोकळा. फोटो फ्रेमला टाकला असेल, असं त्याला वाटलं.

त्याने खीर खाल्ली. वाटी बोटाने पुसून चाटली. समोर बसलेल्या काकूंनी हात जोडले.

"म्हण ना. जेवली म्हण."

"जानकीबाई जेवल्या," प्रबुद्ध म्हणाला. "पोटभर जेवल्या."

काकू रडल्या. लपवाछपवी नाही, हमसून हमसून रडल्या. मग नाक पुसून त्यांनी स्वतःसाठी वाटीत खीर घेतली. "आता माझ्या घशाखाली दोन घास उतरतील. आई फोन करते ना तुला? उचलत जा."

"पुढच्या सर्वपित्रीलाही येतो मी. जानकीबाईंसाठी."

"येशील?" काकूंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "ये हो. तोवर फेरी बंद झालेली असेल. शेवंतीकडे जेव, मी तिला सांगून ठेवते."

बूट घालून तो जिना उतरला. खाली चौकात खांद्यावर सिलिंडर घेतलेला माणूस वर तोंड करून ओरडत होता.

"ओ जानकीकाकू! गॅस आणलाय!"

वरच्या कठड्यावरून काकूंनी ओ दिली, "येतंय रे, येतंय!"