पिवळी रेघ

बिरुदेवनं चार पेले उपडे घातले, त्यांच्यावर पोळपाट ठेवला, पोळपाटावर चहा-साखरेचे डबे आणि डब्यांवर लाकडी पाट. मग मांडी घालून मागं सरकला आणि म्हणाला, "हे आमचं स्टेशन."

त्या 'आमचं'चा प्रियंकाला असा राग आला, की काठवटीत भाकरीवर थाप जोरात पडली आणि कड फाटली. नवरा दोन वर्षांसाठी म्हणून पुण्याला मेट्रोच्या स्टेशनावर राखणीला गेलेला. कालच मंद्रूपला घरी आला होता. आल्यापासनं तोंडात दुसरं काही नाही. शेळ्या किती झाल्या, विचारलं नाही. तिची तब्येत तर लांबच राहिली.

"खाली रस्ता," बिरुदेव पेल्यांमधून बोट फिरवत म्हणाला. "दोन्ही अंगाला जिने, म्हाताऱ्यांस्नी लिफ्ट. हितं पोळपाटावर तिकिटं, पिशव्या तपासायचं मशीन. आन् हा वरचा पाट, ह्याच्यावर गाडी येती. आय, ध्यानात आलं का?"

"आलं की," अंबुबाई म्हणाली. "पर तात्यांच्या च्याला साखर आता कुटनं काढू? ती तुज्या गाडीखाली गेली."

शेजारचे कुंडलिकतात्या चहाची वाट बघतच बसले होते, पण त्यांना कौतुक वाटत होतं. "आदी काय व्हतं रं तितं?"

"चिंचंचं झाड आन् सायकलीचं दुकान. मी गेलो तवा नुसते खांब, वर आभाळ. एकेक पायरी बसताना बघितलीया मी, तात्या. फरशीचा कुटला तुकडा हालतोय त्येबी सांगतो. डोळं बांधून सोडा मला, कुटं अडखळायचो न्हाय."

मग पाटावर नीट दाखवता येईना, म्हणून तो उठला. फळीवरचा हळदीचा डबा घेतला आणि कोब्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बोटांनी पिवळी रेघ ओढली.

"अवो, हळद ती! घरची हाय!" प्रियंका ओरडली.

"असू दे गं, चिमूटभर तर घेतली. तात्या, उटा, हितं रेघंच्या मागं ऱ्हावा." त्यानं खिशातनं शिट्टी काढून फुंकली. तात्या बिचारे खरोखरच दचकून मागं झाले. "आन् वरनं ती बाई म्हणती, 'कृपया पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा.'"

बाईचा आवाज त्यानं इतका गोड काढला, की अंबुबाईसुद्धा हसली. प्रियंकाला हसू येईना. पहिल्यांदा फोनमधनं हा आवाज ऐकला तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. पुढं कळलं, ती बाई नाही, मशीन आहे. तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडला, पण जळायचं काही थांबलं नाही. खरी बाई असती, तर एस.टी.नं पुणं गाठून तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. स्टेशनाचं काय उपटणार? आणि आपल्याशी तो एवढा गोड कधी बोलला होता, तेही तिला आठवेना.

"म्हंजे दोन वर्सं झाली की रं," तात्या खाली बसत म्हणाले. "आता कायमचा आलास न्हवं?"

प्रियंकाचे हात थांबले. हेच विचारायचं म्हणून ती कालपासून धीर गोळा करत होती. तव्यावर भाकरी होती.

बिरुदेव पाट सरळ करत बसला. "साहेब म्हणत्यात, पुडलं स्टेशन उभं ऱ्हातंय. तितं तूच पायजेस."

"मग?"

"बगू की," तो म्हणाला. पण चेहरा असा फुलला होता, की बघायचं काही शिल्लक नव्हतं.

भाकरी करपल्याचा वास घरभर झाला. तात्यांनी बिनसाखरेचा चहा घशाखाली घातला आणि ते निघून गेले. अंबुबाई शेळ्यांना पाला टाकायला बाहेर पडली.

"हात धुवा," प्रियंका तव्याकडं बघत म्हणाली. "वाडते."

दोन्ही हात हळदीनं माखलेला बिरुदेव उठला आणि चुलीच्या डावीकडल्या कोपऱ्याकडं वळला. तिथं ज्वारीची पत्र्याची कोठी उभी होती. त्यानं दुसऱ्या कोपऱ्यात बघितलं. मग पुन्हा कोठीकडं.

"मोरी कुटं गेली गं?"

"मागल्या दारी. दिवाळीच्या आदीच हलवली. फोनवर सांगितलं व्हतं तुमाला."

"ध्यानात न्हाय ऱ्हायलं. तितं लई आवाज असतोय."

"व्हय. मला ठावं हाय त्यो आवाज."

तो मागच्या दाराकडं निघाला आणि रेघेपाशी येऊन थांबला. कुणी थांब म्हटलं नव्हतं. पायच थांबले. त्याचं त्यालाही कळलं नसावं. रेघेच्या अलीकडं चूल होती, ताट होतं, प्रियंका होती. तो पलीकडं हात वर धरून उभा.

प्रियंकानं ते बघितलं. ती उठली, ओलं फडकं घेतलं, गुडघ्यावर बसली आणि एका भिंतीपासून रेघ खसाखसा पुसायला लागली. हळदच ती. पुसेल तशी पसरत गेली. रेघेचा पट्टा झाला, पट्ट्याचा सडा झाला. पिवळं जसं त्याच्या पायाच्या बोटांशी यायला लागलं, तसा बिरुदेव एकेक पाऊल मागं सरकत गेला. टाच पुढल्या दाराच्या उंबऱ्याला लागली तेव्हा थांबला.

"अवो, मागं कुटं जाताय?" गुडघ्यावरूनच प्रियंका ओरडली. "पुडं या की!"